उत्पन्नाच्या रकान्यात न मावणारं परडं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात ओळखीच्या काकींच्या पडवीत बसले होते. परसबागेच्या कुठल्याशा योजनेची माहिती भरून घ्यायला एक मुलगी आली. तिने चार प्रश्न विचारले आणि पाचव्यावर अडखळली. "काकी, परसबागेतून वर्षाचं उत्पन्न किती लिहू?" काकी मिरगाची तयारी करत होत्या. भिंतीला थापून वाळवलेल्या शेणाच्या गोळ्यांतून तवशाच्या, म्हणजे काकडीच्या, बिया सुट्या करणं चाललं होतं. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "उत्पन कसला गो बाय? इकत घ्यावा लागत नाय, येवढाच." मुलीने क्षणभर विचार केला आणि रकान्यात शून्य लिहिलं. तिची चूक म्हणता येणार नाही. कागदावर दुसरं काही लिहायला जागाच नव्हती.

कोकणातल्या परसबागेवर सध्या जो वाद ऐकू येतो, तो त्या शून्याभोवतीच फिरतो. एका बाजूला यशोगाथावाले आहेत. दोन गुंठ्यांत लाखाची कमाई, घरबसल्या रोजगार, मोबाइलवर फिरणारे हिरवेगार व्हिडिओ. दुसऱ्या बाजूला या सगळ्याला हसणारे आहेत. भेंडी-मुळ्याने कुणाचं घर चालत नाही, पोरांना नोकऱ्या द्या, बियाण्यांच्या पुड्या कसल्या वाटता, असं त्यांचं म्हणणं. दोघेही एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांची मोजपट्टी एकच आहे: बाजारात विकून हातात किती रुपये आले. माझं म्हणणं असं की भांडण इथेच बिघडतं. परडं, म्हणजे परसबाग, ही कमाई नाही आणि तिला कमाई ठरवायचा हट्ट धरला तर ती हरणारच. तरीही ती उपजीविका आहे, कारण घर चालतं ते येणाऱ्या पैशावर जितकं, तितकंच न गेलेल्या पैशावर. परडं ही खर्चाला घातलेली वई, म्हणजे कुंपण आहे. आणि सरकारला तिला उपजीविका म्हणायचंच असेल, तर बियाण्यांची पुडी सोडून पाण्याला आणि राखणीला हात घालावा लागेल.

आधी परडं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण शहरातल्या गच्चीवरच्या बागेची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून पुष्कळजण बोलतात. परडं म्हणजे घरामागचा तुकडा, कधी दोन गुंठे, कधी पाच. न्हाणीच्या आणि मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी. (हल्ली त्या पाण्यात फिनेल आणि फरशी धुवायचं तेजाबही येतं, तेव्हा अळू कशावर वाढतंय ते विचारू नये.) विहिरीकडेला दोन-चार माड, पोफळी, त्यांच्यावर चढवलेली मिरवेल. कुंपणाला शेवगा, दाराशी कढीलिंब, सावलीत हळद आणि सुरण. मिरगाला लावलेली शिराळी, पडवळ, तवसं, दुधी, भोपळा मांडवावर चढतात आणि श्रावणात धरायला लागून गौरी-गणपतीत नुसता कहर करतात. सिंधुदुर्गात गणपतीवर बांधतात ती माटवी म्हणजे तरी काय? त्या दिवसात परड्यात आणि रानात जे जे आहे ते सगळं देवाच्या डोक्यावर टांगलेलं असतं. भात कापलं की उरल्या ओलीवर मुळा, माठ, वाल, चवळी. फेब्रुवारीपर्यंत हे चालतं, आणि मग विहीर तळाला जाते.

आता हे वेळापत्रक समुद्राच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. काही वर्षी राज्याने ही मुदत ऑगस्टात पुढेही नेली आहे. बंदी उठली तरी समुद्र शांत व्हायला नारळी पौर्णिमा उजाडते. म्हणजे मासळीचा पैसा जेव्हा आटतो, नेमक्या त्याच दिवसांत मांडव चढत असतो, आणि पहिली होडी नीट भरून यायच्या आत पहिलं शिराळं ताटात पडतं. पावसाळ्यातलं कोकणी जेवण या जोडीवर बेतलेलं आहे: उन्हाळ्यात वाळवलेली सुकट, जवळा, बोंबील आणि परसातली भाजी. पडवळात घातलेला जवळा हा काही चवीचा चोखंदळपणा नव्हता, ती तंगीच्या महिन्यांची बांधणी होती. चव नंतर आली. उत्पन्नाच्या हिशेबात वेळ मोजली जात नाही. जुलैतल्या शंभर रुपयांची आणि नोव्हेंबरातल्या शंभर रुपयांची किंमत कोळीवाड्यात कधीच सारखी नसते.

रुपयांतच बोलायचं तर तेही करू. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की माणसाच्या पोटात दिवसाला फळं आणि भाज्या मिळून निदान अर्धा किलो जावं. त्यातली भाजी चारशे ग्रॅम धरली तर पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो लागते. ऑगस्ट ते फेब्रुवारी हे सात महिने परडं त्यातला अर्धा वाटा उचलतं असं समजा. दोनशेदहा किलो होतात. चाळीस रुपयांचा भाव धरला तर साडेआठ हजारांच्या आत. हा आकडा कुणालाच आवडत नाही. यशोगाथावाल्यांना तो लाजिरवाणा वाटतो, टीकाकारांना तो आपल्या बाजूचा वाटतो. पण या हिशेबात एक खोट आहे. तो असं धरून चालतो की परडं नसतं तर त्या घराने दोनशेदहा किलो भाजी विकत घेतली असती. घेतली असती का? जिथे मजुरी रोजची नाही तिथे भाजी हाच पहिला कापला जाणारा खर्च असतो. भात आणि कसलं तरी कालवण झालं की जेवण झालं. परड्यातली भाजी बाजारच्या भाजीची जागा घेत नाही, ती भाजीच नसण्याची जागा घेते. बांगलादेशात हेलन केलर इंटरनॅशनल या संस्थेने १९९० च्या सुमारास घरामागच्या बागांचं काम हाती घेतलं ते याच विचाराने. कारण होतं अ जीवनसत्त्वाअभावी मुलांना येणारा रातांधळेपणा. त्या बागांचं यश विक्रीच्या पावत्यांत शोधायचं की मुलांच्या डोळ्यांत?

बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मात्र पोकळ नाही. गावातल्या प्रत्येक घराचं शिराळं एकाच आठवड्यात धरतं. गणपतीच्या आधी आठवडा बाजारात तवशांचे ढीग लागतात आणि संध्याकाळी ते गुरांपुढे पडतात. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी घेऊन 'लाखी बाग' उभी करून दाखवली हे खरं, आणि ते मोलाचं काम आहे. पण तिथे बारमाही पाणी आहे, शास्त्रज्ञांची देखरेख आहे आणि बाग एकराच्या हिशेबातली आहे. तिचं उदाहरण घेऊन तीन गुंठेवाल्या बाईला लाखाचं स्वप्न दाखवणं ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो. परड्यातून विकलं जातं ते वाट्याने: चार शिराळी, दोन पडवळं, अळूची जुडी. त्यावर कर्जाचा हप्ता फिटत नाही. जो कुणी फिटतो म्हणतो त्याने आधी एक पावसाळा काढून दाखवावा.

पण मग विचारायला हवं की हा प्रदेश आजवर जगला कशावर? उत्तर सगळ्यांना पाठ आहे: मनीऑर्डरीवर. गिरणगावातून पैसे यायचे आणि कोकणातलं घर चालायचं. हे अर्धसत्य आहे. मनीऑर्डर महिन्यातून एकदा यायची आणि चूल रोज दोनदा पेटायची. मधल्या दिवसांचं काय? घरी राहिलेली बाई भात लावत होती, गुरं पाहत होती, परडं शिंपत होती. मुंबईच्या मजुरीत वाढ न करता गावचं कुटुंब पोसता येत होतं ते या बिनपगारी कामामुळे, म्हणजे एका अर्थाने माझ्या आजीच्या परड्याने गिरणीमालकालाही हातभार लावला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि हजारो चाकरमानी गावाकडे परतले. मनीऑर्डर थांबली. जी गोष्ट कुणी उत्पन्नात धरली नव्हती तीच तेवढी मागे उरली. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. मुंबईहून माणसं आली, शाळेत किंवा मांगरात चौदा दिवस काढले, आणि घरच्यांना आणखी चार पानं वाढावी लागली. तेव्हा परडं किती कामाला आलं हे त्या दिवसांत ज्यांनी जेवण वाढलं त्यांना विचारा.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, इकडे दापोलीपर्यंत माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं रोप उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं जातात. मांडवावरचं शिराळं दोन महिन्यांत येतं. वादळानंतर पहिलं काय लावलं गेलं असेल हे सांगायला नको. पण मला त्या वेळची दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. भरपाईचा मूळ हिशेब हेक्टरी होता. ज्याची सगळी मालमत्ता पाच गुंठ्यांत दाटीने लावलेली, त्याच्या वाट्याला हेक्टरी हिशेबाने चिल्लरच येणार. ओरड झाली, तेव्हा झाडामागे मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. रकमा तोकड्याच होत्या, पण मोजायची पद्धत बदलली. हेक्टर हे देशावरच्या शेतीचं माप, परड्याला ते लागू पडत नाही, एवढं तरी सरकारने एकदा मान्य केलं. ते एका वादळापुरतं का राहावं?

आता सर्वांत तिखट आक्षेपाकडे येते. परसबागेचं कौतुक म्हणजे सरकारने हात झटकण्याची सोय आहे, गरिबाला सांगायचं की तुझं तू पिकवून खा. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. इंग्रज सरकारने १९४२-४३ मध्ये 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली, आणि त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. घोषणा भिंतीवर आणि धान्य भलतीकडे. युद्धकाळातल्या अमेरिकेचं उदाहरण नेहमी उलट बाजूने देतात. १९४४ च्या सुमारास तिथली जवळपास चाळीस टक्के ताजी भाजी घराघरांच्या 'विजय बागां'तून येत होती असं सांगतात. पण युद्ध संपलं, दुकानं भरली आणि बागा गेल्या. घोषणेवर उभी राहिलेली बाग घोषणेबरोबर जाते. म्हणून मला मोहिमांचं आकर्षण नाही. कोकणातलं परडं मात्र कुणाच्या मोहिमेतून आलेलं नाही, ते आधीपासून होतं आणि आता आटतं आहे. घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोची वाट पाहणारी गावं गेल्या तीस-चाळीस वर्षांत वाढली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, रस्ते आणि रेल्वे दोन्ही तुटले, तेव्हा ज्यांच्या मागच्या दारी काही उरलं नव्हतं ती घरं सगळ्यांत आधी अडली. नोकऱ्या मागू नका असं मी म्हणत नाही. नोकरी मिळेपर्यंत आणि मिळालेली सुटल्यावर खायचं काय, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि नोकरीवादी त्याला उत्तर देत नाहीत.

यापुढचा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. परडं म्हणजे बाईच्या अंगावरचं आणखी एक काम. सोव्हिएत रशियात सामुदायिक शेतीनंतर शेतकऱ्याकडे घरामागचा चिमूटभर तुकडा उरला होता. एकूण लागवडीच्या तीन-चार टक्के जमीन, आणि शेतमालाचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून यायचा. खाजगी मालकीची जादू म्हणून हे उदाहरण दिलं जातं. जादू थोडीफार असेलही, पण त्या तुकड्यावर राबत कोण होतं? दिवसाचं सामुदायिक काम उरकून आलेल्या बायका आणि म्हातारी माणसं. त्यांचे तास कुणी मोजत नव्हतं, म्हणून उत्पादन अफाट दिसत होतं. आपल्याकडे याहून वेगळं काय आहे? लांबच्या विहिरीवरून दोन कळश्या पाणी आणून वांग्याला घालणारी बाई ही शाश्वत विकासाची प्रतिमा म्हणून छापली जाते. तिच्या मानेला विचारा.

तरीही मी परड्याच्या बाजूने उभी आहे, आणि त्याचं कारण बायकांनीच मला दिलं आहे. आठवडा बाजारात गोणपाट टाकून चार वाटे विकून येणारे शे-दीडशे रुपये हे कित्येक घरांत बाईच्या हातातले एकमेव पैसे असतात ज्यांचा हिशेब कुणी मागत नाही. कमाई मोठी झाली की ती पुरुषाच्या नावच्या खात्याकडे सरकते, हे आंब्या-काजूच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबागा झाल्या, डोंगर काजूने झाकले गेले, चांगलंच झालं. पण सातबारा कुणाच्या नावावर होता? परड्याचा लहानपणा हा तिचा दोष आहे तसाच तिचा आडोसाही आहे. काम काढून घ्यायचं नाही, कामातली पाण्याची खेप काढून घ्यायची, एवढं जमलं तरी आक्षेपाची अर्धी धार जाते. उरलेली अर्धी घरातल्या पुरुषांनी कळशी उचलल्याशिवाय जाणार नाही, आणि त्यावर कुठलीही योजना नाही.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचं काय? कोळीवाड्यात घराला घर लागलेलं असतं, मागे परडं नाही तर दुसऱ्याची भिंत. तिथे प्लास्टिकच्या ड्रमात मिरची लावून उपजीविका होत नाही, हे कबूल. पण परड्याचा हिशेब एका घरापुरता कधीच नव्हता. कोळणीची पाटी कुळवाड्यांच्या वाडीत जायची, सुकट देऊन भात, भाजी, नारळ घेऊन यायची. उरलेल्या तारल्या (लहान मासळी) माडाच्या आळ्यात पुरल्या जायच्या. एका वस्तीचा टाकाऊ माल दुसरीचं खत व्हायचा. किनाऱ्यावरची उपजीविका म्हणजे ही देवघेव. योजना मात्र घरागणिक फॉर्म भरते, आणि ज्या घरामागे जागा नाही त्याला वगळून पुढे जाते. बचत गटांना परडी आणि मासळी एकत्र धरून कामं द्यायला कुणाची हरकत आहे? माणसं अशीच जगत आली आहेत.

माकडांचं काय, असं कोकणी वाचक कधीपासून मनात विचारत असेल. खरं आहे. वानरांची टोळी एका सकाळी तीन महिन्यांचं काम उडवते, आणि उरलंसुरलं रानडुकराला. गावागावांत लोकांनी लावणंच सोडलं त्याचं पहिलं कारण हेच सांगतात. यावर माझ्याकडे नुसखा नाही. परडी जेव्हा एकमेकांना लागून होती आणि घरांत माणसं होती, तेव्हा कुणीतरी एक ओरडायचं आणि सगळी वाडी धावायची. आता दहांतली सहा घरं बंद असलेल्या वाडीत एकटी म्हातारी गलोल घेऊन कुठवर धावणार? राखण हा बागेचा नव्हे, वस्तीचा प्रश्न झाला आहे. सौर कुंपण एका घराला परवडत नाही, पण पूर्ण वाडीला घालता येतं.

पाण्याची गोष्ट याहून सोपी आणि म्हणून जास्त चीड आणणारी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलला टँकर फिरतो, कारण जांभा पाणी धरत नाही. किनाऱ्याला आणखी एक धोका असतो. गोडं पाणी जास्त उपसलं की त्याच्या जागी खारं शिरतं. वसईत टँकरच्या उपशाने विहिरी बिघडल्या, त्यावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी लोकांना घेऊन लढा उभारला, म्हणून निदान त्याची चर्चा झाली. तेव्हा बोअर मारत सुटणं हा उपाय नव्हे. उथळ विहीर, तिचा काढलेला गाळ, वर अडवलेला वहाळ, म्हणजे ओढा, हा उपाय आहे. आणि रोजगार हमीच्या सिंचन विहिरीची २०२२ ची अट काय सांगते? निदान ०.४० हेक्टर सलग जमीन हवी. म्हणजे चाळीस गुंठे. ज्या बागेला आपण उपजीविका म्हणून गौरवतो ती तीन गुंठ्यांची, आणि विहीर मात्र चाळीस गुंठेवाल्याला. अनेकांनी जमिनी एकत्र दाखवून सामायिक विहीर घ्यायची सोय त्याच नियमांत आहे, पण तिथेही एकूण जमीन सलग आणि तेवढीच लागते. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस नावं असतात, त्यांतली निम्मी मुंबईत आणि चार वारलेली. सह्या कुणाच्या आणायच्या? परड्यांच्या वाडीसाठी हेक्टरची अट काढून घरांची संख्या धरा. माडापोफळीसाठी एकदा केलंत तसंच.

ही मागणी करायची वेळही चमत्कारिक आहे. रोजगार हमीच्या पुढच्या वर्षाच्या कामांची यादी करायला आजवरच्या रीतीप्रमाणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सुरुवात होते. तेव्हा विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात, मांडवावर शेवटची पडवळं लोंबत असतात आणि पाण्याचं नाव काढलं तर लोक हसतात. काकींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तवा कोन येतला सभेला? भात कापूचा असता." मग गोळ्यातली शेवटची बी काढून त्यांनी शेणाचा चुरा अळवात टाकला.